पमे, तो आवाज तुझा नव्हता

पमे,

रविवारी तुझी शोकसभा झाली आणि तिथे तुझ्या तोंडून दुसरीच बाई बोलली. चेहरा तुझा, चंदेरी पोशाख तुझा, कपाळावर चिकटवलेला तो निळा दिवा तुझा, आणि आवाज मुंबईच्या कुठल्याशा मुलीचा, जिला तू उभ्या जन्मात भेटली नाहीस. सभागृहातले अर्धे लोक डोळे पुसत होते आणि मी दातओठ खात बसले होते. हे तुला सांगितल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही, म्हणून लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुधे, बीपी वाढन तुया." वाढू दे.

तुझा जन्म, शिक्षण, पारितोषिकं हे सगळं पेपरात छापून आलं. एकाने मथळा दिला, 'सर्वांची लाडकी सखी हरपली'. म्हणजे बघ, या नागपूरच्या रंगभूमीवर तू निम्मं आयुष्य घालवलंस, पोरांना नाटक शिकवलंस, घसा बसेपर्यंत तालमी केल्यास, आणि गेली कोण? टीव्हीवरच्या मालिकेत मंगळावर चहा करणारी यंत्रबाई. आपल्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी तर सभेच्या फलकावर तुझ्या नावाखाली कंसात 'सखी' असं लिहून घेतलं होतं. मी म्हटलं, कंस तरी काढा. ते म्हणाले, "ताई, लोकांना नाहीतर कळणार नाही कोण गेलं ते."

आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? हा राग मुळात माझा नाहीच. तो तू मला दिलास.

लेडीज हॉस्टेलच्या टीव्हीसमोरची चटई आठव. तू नरखेडकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. मी वर्ध्याहून आलेली, आकाशातल्या ताऱ्यांनी पार वेडावलेली. रविवारी सकाळी हिंदीत डब केलेल्या परदेशी अंतराळ मालिका लागायच्या. बाकीच्या मुली नहायला जायच्या आणि आपण दोघी पडद्याला नाक लावून बसायचो. मी जहाज बघायची आणि तू त्या जहाजातल्या बाया बघायचीस. "थे बाई बेशुद्ध काहून पडली? बाकीचे तर ठीक आहेत नं." थोड्या वेळाने, "जहाज एवढं हलून राहिलं, मंग तिनं उंच टाचेच्या चपला काहून घातल्या?" मला वैताग यायचा. एका रविवारी तू जे बोललीस ते मी पुढे जन्मभर दहा ठिकाणी माझं म्हणून सांगितलं. परग्रहावरचे पुरुष सरड्यासारखे असतात, कोळ्यासारखे असतात, कधी नुसता लिबलिबीत गोळा असतो, पण परग्रहावरची बाई मात्र कमरेत बारीकच असते. कातडी निळी करतील, हिरवी करतील, कमरेला हात लावणार नाहीत. मी म्हटलं, अगं करमणूक आहे, एवढं काय मनावर घेतेस. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "कोनाची?"

त्या सकाळनंतर मला एकही अंतराळ मालिका सुखाने बघता आली नाही, याबद्दल तुझे आभार मानावेत की तुला शिव्या द्याव्यात, हे मला आजही ठरवता येत नाही.

मग त्याच वर्षी मी आपली एकांकिका लिहिली. तू जहाजाची कप्तान. जहाज म्हणजे भंगारात निघालेल्या कूलरचा पत्रा, आणि त्याच्या खिडक्यांना रंगीत कागद. उन्हाळ्यात त्या पत्र्यात शिरून तू तालीम केलीस, बाहेर यायचीस तेव्हा कुकरमधून काढल्यासारखी दिसायचीस. प्रयोग रंगला. परीक्षकांनी आपल्याला बोलावून कौतुक केलं आणि म्हणाले, कल्पना नवी आहे, फक्त कप्तान पुरुष दाखवला असता तर लोकांना पटलं असतं. तू शांतपणे कारण विचारलंस, "काहून जी?" त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि तू रंगमंचावर दिसतेस फार छान, असं सांगून टाकलं. परत येताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी तुझ्या वाटचं बडबडत होते. तेव्हापासून कामांची वाटणी तशीच राहिली. तू विचारायचंस आणि मी चिडायचं.

म्हणूनच तू ती मालिका घेतलीस तेव्हा मला खरंच वाटलं की कुणी तरी माझी फसवणूक केली. मुंबईहून फोन आला, भूमिका मोठी आहे, रोज पडद्यावर दिसाल. मंगळावर राहणाऱ्या मराठी कुटुंबाची गोष्ट. त्यात तू कोण, तर घरची यंत्रसेविका. नाव सखी. पेटंट वाक्य, "जशी आज्ञा." मी तुला म्हटलं, ज्या बाईने मला टीव्हीवर रागवायला शिकवलं तिनेच सखी व्हायचं? तू म्हणालीस, बाहेर बसून बोंबलल्याने काही होत नाही, आत जाऊन एखादा इंच तरी सरकवून बघते. त्या इंचावरून आपण किती भांडलो. ते भांडण अर्धंच राहिलं आहे आणि आता मला एकटीलाच पुढे चालवायचं आहे.

मी मालिका बघत नाही असं तुला सांगायचे आणि रोज बघायचे. काय काय दाखवलं त्यांनी. कप्तानाची बायको दोनशे वर्षांनंतरही दारात वाट बघत उभी, फरक इतकाच की दार आपोआप उघडायचं. शास्त्रज्ञ बाई चष्मा काढला की सुंदर दिसायची आणि त्याबरोबर शास्त्र विसरायची. इंजिनिअर मुलगी बरी होती, हुशार होती, म्हणून तिला लवकरच मारून टाकलं, कारण नायकाला सूड घ्यायला काही तरी कारण हवं होतं. मरताना तिची लिपस्टिकही विस्कटली नाही. संक्रांतीच्या भागात तर कहर केला. बाहेर धुळीचं वादळ, नियंत्रण कक्षात सगळे पुरुष, आणि बायकांना सुरक्षित म्हणून तळघरात पाठवलेलं. तिथे त्यांनी काय केलं? हळदीकुंकू. आणि तिळगुळाचं तबक घेऊन फिरत होतीस तू. या लेखकांना लाल मातीत संत्री पिकवायचं सुचतं, माणसाला हवेशिवाय जगवायचं सुचतं. बाई जेवायला बसली आहे आणि दुसरं कुणी तरी तिला वाढतं आहे, एवढं साधं दृश्य काही त्यांच्या डोक्यात येत नाही.

तुझा तो पोशाख. अंगाला घट्ट, चेन पाठीवर. लघवीला जायचं तर दोघींना हाक मारावी लागायची, म्हणून तू दिवस दिवस पाणी पीत नव्हतीस. पुरुषांच्या पोशाखाला चेन पुढे होती आणि वर चार चार खिसे होते. तू खिसा मागितलास तर म्हणाले, यंत्राला खिसा कशाला. तू वर्षभर मागत राहिलीस आणि शेवटी उजव्या बाजूला एक खिसा मिळवलास. त्या दिवशीचा तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. फोनवर तू लहान पोरीसारखी हसत होतीस, खिशात पहिल्या दिवशी संत्रा गोळ्या ठेवल्या म्हणून सांगत होतीस. मी म्हटलं, एवढं भांडून काय मिळवलंस, तर एक खिसा. तू म्हणालीस, "सुधे, मंगळावर बाईले पहिला खिसा मीच लावून घेतला. ध्यानात ठेवजो." ठेवला आहे. पुढे किडनीचं दुखणं निघालं तेव्हा मी डॉक्टरांना त्या पोशाखाबद्दल, त्या पाणी न पिण्याबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं, तसा थेट संबंध लावता येणार नाही. मी मान डोलावली. मला ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

आणि आवाज. पहिला भाग लागला तेव्हा मी उडालेच. तू तोंड उघडलंस आणि आतून कुणी तरी पाघळलेल्या साखरेसारखं बोलली. मी लगेच फोन लावला. तू सांगितलंस की तुझ्या बोलण्यात विदर्भाचा हेल येतो आणि भविष्यातली यंत्रं अशी बोलणार नाहीत, असं त्यांचं मत पडलं. मग म्हणालीस, "दोनशे वर्षानं नागपूर राहनार नाही वाटते." तू हसलीस, मी हसले नाही. कारण त्याच मालिकेतला नायक आपल्या गावाकडचा हेल तसाच ठेवून बोलत होता आणि मुलाखतींतून त्याच्या रांगड्या बाजाचं कौतुक चाललं होतं. पुरुषाचा हेल असला की बाज, बाईचा असला की दोष. पाण्याची चोरी करणारं एक विनोदी पात्र होतं, त्याच्या तोंडी मात्र आपली भाषा घातली होती, तीही चुकीची. मी म्हटलं, सोड ही मालिका, आजच्या आज बॅग भर. तू म्हणालीस, थांब, अजून माझं काम व्हायचं आहे.

ते काम तू केलंस, आणि सेटवरचे लोक सोडले तर त्याची खबर जगात आपल्या दोघींनाच होती. तो भाग नवरा-बायकोच्या भांडणाचा होता. कप्तानाच्या बायकोला सखीचा मत्सर वाटतो, म्हणून कप्तान सखीसमोर उभा राहून म्हणतो, "सखी, कायमची बंद हो." तुला डोळ्यांत पाणी आणून एकच शब्द म्हणायचा होता, "आज्ञा." तू डोळ्यांत पाणी आणलंस, उजवा हात खिशात घातलास आणि विचारलंस, "काहून?" सेटवर हशा पिकला. दिग्दर्शकाने पुन्हा घ्यायला लावलं. तू पुन्हा तेच विचारलंस. तिसऱ्यांदाही तेच. उशीर होत होता, डोळ्यांतलं पाणी मात्र अस्सल आलं होतं, म्हणून तो म्हणाला, राहू द्या, आवाज काय, नंतर बदलूच. आणि बदलला. पडद्यावर ती मुलगी म्हणते "आज्ञा", आणि तुझे ओठ आधी उघडतात आणि मग गोल होतात. 'आज्ञा' म्हणताना ओठ गोल होत नाहीत, पमे. कुणाच्याही लक्षात आलं नाही. उलट तोच तुकडा सगळ्यात गाजला, मोबाइलवर फिरला, लोकांनी वर फुलं चिकटवली, त्याग म्हणून, निष्ठा म्हणून. मी म्हटलं, बघ, हेच होणार होतं, तुझा प्रश्न त्यांनी गिळून टाकला. तू म्हणालीस की ओठ तर त्यांच्याकडे आहेत ना, ते कुठे जाणार. मी वैतागून फोन ठेवला.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात तुझ्या घशात नळी घातली तेव्हा सगळा आवाजच गेला. तू हाताने खुणा करायचीस, मी उलटसुलट अर्थ लावायचे आणि तू कपाळाला हात मारायचीस. एके दिवशी शेजारच्या पेशंटचा नातेवाईक आत आला. चांगला शिकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्याने तुला ओळखलं. मोबाइल वर धरून म्हणाला, "मॅडम, एकदा फक्त 'जशी आज्ञा' म्हणा नं, आईले दाखवतो." नळी दिसत होती त्याला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, सिस्टर धावत आली एवढं सांगते. तुझे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहेस. जवळ येऊन पाहिलं तर तू हसत होतीस, माझ्यावर. तेव्हा मला तुझाही राग आला. तो आता कुठे ठेवू, सांग.

आता शोकसभा. सदरमधला तो दुकानांच्या वरचा हॉल, तुला आवडायचा नाही तोच. मी आदल्या दिवशी अध्यक्षांना विनवून सांगितलं की तो तुकडा दाखवू नका, तिच्या नाटकाचे फोटो दाखवा. म्हणाले, फोटो धूसर आहेत आणि लोकांना सखीच आठवते. मी म्हटलं, तो तिचा आवाज नाही. ते म्हणाले, "ताई, आता असं बारीक काय बघायचं, माणूस गेलं." माणूस गेलं म्हणून तर बारीक बघायचं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. भाषणं सुरू झाली. एकाने तुला सोशीक म्हटलं. तुला, सोशीक. दुसऱ्याने सांगितलं की ताईंनी कधी कुणाला उलट प्रश्न केला नाही. मला वाटलं आपण चुकीच्या शोकसभेला आलो.

पहिल्या रांगेत काकू होत्या. तुझा भाऊ विजू त्यांना गावाहून एसटीने घेऊन आला होता. तुझ्या आईने तुझी मालिका कधी पाहिली नाही, काचबिंदूने त्यांची नजर आधीच गेलेली. त्यांच्यासाठी तू म्हणजे रोज संध्याकाळचा फोन, तुझा आवाज आणि बागेची चौकशी. अध्यक्षांनी दिवे मालवले आणि तुकडा लावला. कप्तान म्हणाला, बंद हो. ती मुलगी म्हणाली, "आज्ञा." हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. त्यात काकूंचा आवाज आला, साधाच, शेजारी बसलेल्या मला विचारल्यासारखा.

"हे कोन बोलून राहिली वं, सुधा? पमी कवा बोलन?"

अध्यक्ष खाली वाकून मोठ्याने म्हणाले, आजी, तीच आहे ती, तुमचीच मुलगी आहे. नव्वदीला टेकलेल्या आईला तिच्या पोटच्या पोरीचा आवाज हा माणूस समजावून सांगत होता. काकूंना वाटलं असेल, आता कानही गेले. त्यांनी पदर तोंडाशी धरला. ते मला बघवलं नाही, पमे. मी उठले, प्रोजेक्टर चालवणाऱ्या माणसाकडे गेले आणि त्याला तुकडा पुन्हा लावायला सांगितला, पण आवाज पूर्ण बंद करून. तो अध्यक्षांकडे बघायला लागला. मी स्वतःच आवाजाची वायर उपटली.

पुन्हा तू आलीस. या वेळी हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. कप्तानाचं तोंड हललं. तू उजवा हात खिशात घातलास, सावकाश, जणू खूप वेळ आहे. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुझे ओठ उघडले आणि गोल झाले. मी माइकवर काही बोलणार होते, भाषण तयार होतं माझ्याकडे, त्यात सगळ्या मालिकांची हजेरी घेणार होते. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई, मी तिला ओळखतही नाही, हळू आवाजात म्हणाली, "अवं, काहून म्हनून राहिली ते." मग दुसरी म्हणाली, हो गं, काहूनच. मग कुणी तरी पुन्हा लावा म्हणालं. पुन्हा लावलं. आणि मग तो शब्द हॉलभर झाला, बायकांच्या रांगांतून आधी, मागून पुरुषांतून, दबक्या आवाजात, एकमेकांना विचारल्यासारखा. या गावातल्या कुणाला तो शब्द ओळखायला आवाज लागत नाही. एवढी वर्षं त्यांनी तुझे ओठ पाहिलेच नव्हते, इतकंच.

मी काकूंजवळ येऊन बसले. त्यांनी विचारलं, आता पमी काय म्हणाली. मी सांगितलं, कुणी तरी तिला बंद हो म्हणालं, तर तिने विचारलं, काहून.

काकूंनी तोंडावरचा पदर काढला. "हां," त्या म्हणाल्या, "हे माई पमी."

माझा राग गेलेला नाही. त्या मालिकेवरचा नाही, त्या पोशाखावरचा नाही, फलकावरच्या कंसावरचा नाही, आणि एवढ्या लवकर उठून गेलेल्या तुझ्यावरचा तर मुळीच नाही. पण त्या इंचाचं भांडण तू जिंकलीस, हे इथे लिहून देते. सभा संपल्यावर काकूंनी मला सांगितलं आहे की संध्याकाळी फोन करत जा. काल केला. त्यांनी बागेचं सांगितलं, मोटारपंप बिघडल्याचं सांगितलं, आणि मग विचारलं की आपल्या पोरीला कुणी तरी बंद हो का म्हणालं असेल. मी म्हटलं, काकू, तेच तर ती विचारत होती.

तुझी,
सुधा